मेसोलोंगीचा वेढा, रिकामी तिजोरी आणि कमी पैशांतला युद्धपट

ऐतिहासिक चित्रपटाची संहिता हातात आली की प्रॉडक्शनवाला संवाद वाचत बसत नाही. तो कंसातल्या ओळी शोधतो. ‘सैन्य येतं.’ ‘गाव पेटतं.’ ‘आरमार दिसतं.’ दोन-दोन शब्दांची वाक्यं असतात आणि सगळा पैसा तिथेच जातो. या हिशेबाने ग्रीक स्वातंत्र्ययुद्धातला मेसोलोंगीचा वेढा हा विषय कोणत्याही बेताच्या निर्मात्याने हात जोडून परत करावा असाच आहे. वर्षभर चाललेला वेढा, दोन पाशांच्या फौजा, समुद्रात आरमार, आत अडकलेली दहा हजारांच्या आसपास माणसं, शेवटी एका रात्री त्या सगळ्यांनी तटाबाहेर घेतलेली धाव आणि मागे दारूच्या कोठाराचा स्फोट.

तरीही २०१७ साली वासिलिस त्सिकारास या ग्रीक दिग्दर्शकाने हा विषय घेतला आणि तुटपुंज्या पैशांत ‘एक्सोडोस १८२६’ हा चित्रपट केला. त्याने कथेचं दार दुसरीकडून उघडलं. पिंडस डोंगरातल्या समारिना गावची १२० जणांची तुकडी मेसोलोंगीतल्या लोकांच्या मदतीला निघते, ती त्याची गोष्ट. चित्रपट चांगला की वाईट यात इथे शिरायचं नाही. या निवडीमुळे काय हाती लागतं, काय निसटतं आणि मुळात या विषयाला पैसा किती लागतो, एवढंच तपासायचं आहे. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो: मेसोलोंगीचा पाडाव ही शौर्याची आणि फितुरीची गोष्ट म्हणून सांगितली जाते, पण तिच्या मुळाशी पैशाची चणचण आहे. आणि चणचण दाखवायला मोठं बजेट लागत नाही.

आधी घडलं काय

मेसोलोंगी पश्चिम ग्रीसमध्ये, खाजणाच्या काठावर वसलेलं गाव. मिठागरं, मासेमारी, मैलोन्‌मैल उथळ खारं पाणी आणि त्यात विखुरलेली छोटी बेटं. मोठं जहाज काठाला लागूच शकत नाही, सपाट बुडाच्या होड्याच चालतात. उस्मानी, म्हणजे तुर्की साम्राज्याच्या, फौजेने १८२२ मध्ये इथे वेढा घातला, तो उठवावा लागला. पुढच्या वर्षी शेजारच्या अनातोलिकोवर चाल झाली, तीही फसली. जानेवारी १८२४ मध्ये कवी बायरन इथे येऊन उतरला आणि १९ एप्रिलला तापाने गेला. त्यामुळे वर्तमानपत्र वाचणाऱ्या युरोपला हे आडबाजूचं गाव ठाऊक झालं होतं.

तिसरा वेढा एप्रिल १८२५ मध्ये पडला. फौज रेशिद मेहमेद पाशाची. ‘मेसोलोंगी तरी घे, नाहीतर तुझं डोकं तरी जाईल’ असं सुलतानाने त्याला बजावलं होतं, अशी आख्यायिका आहे. समोर तट होता तो दगडी किल्ल्याचा नव्हे. खिओस बेटावरच्या मिखाइल कोक्किनिस नावाच्या अभियंत्याने मातीचा बुटका बांध घातला होता, पुढे खंदक, अधूनमधून बुरूज. त्या बुरुजांना त्याने जगभरच्या स्वातंत्र्यवीरांची नावं दिली होती: फ्रँकलिन, विल्यम टेल, कोशच्युश्को. घरच्यांपैकी ग्रीक सेनानी मार्कोस बोत्सारिस. मातीच्या ढिगाऱ्याला अमेरिकेच्या संस्थापकाचं नाव देणारा माणूस मला फार आवडतो. आपली लढाई कोणी बघत असेल तर ती त्याला कळावी, याची त्याने सोय करून ठेवली होती.

पहिला उन्हाळा ग्रीकांनी निभावला. समुद्राकडून ग्रीक आरमारप्रमुख आंद्रेआस मियाउलिसची जहाजं धान्य आणि दारूगोळा आत पोहोचवत होती. हिवाळ्यात इजिप्तच्या मेहमेद अलीचा मुलगा इब्राहिम पाशा युरोपी पद्धतीची कवायत शिकलेली फौज घेऊन आला. ‘या कुंपणापाशी तुम्ही आठ महिने अडकलात?’ असं त्याने रेशिदला हिणवल्याचं सांगतात. मग त्याचेही हल्ले त्या कुंपणाने परतवले. तेव्हा त्याने तटाचा नाद सोडला आणि पाण्याकडे लक्ष वळवलं. मार्च १८२६ पर्यंत वासिलादी, दोल्मास आणि अनातोलिको ही खाजणातली ठाणी एकामागून एक पडली. क्लिसोवा हे एकच बेट शेवटपर्यंत टिकलं. तिथे एका देवळाच्या आडोशाने शे-सव्वाशे माणसांनी दोन्ही पाशांचे हल्ले मोडून काढले. पण बाकीची ठाणी गेली तशी धान्याची वाटही गेली.

पुढचं नीट ठाऊक आहे, कारण आत असलेल्या काही जणांनी लिहून ठेवलं. निकोलाओस कासोमूलिस हा त्यांतला सर्वांत तपशीलवार. घोडे संपले, मग गाढवं, कुत्री, मांजरं, उंदीर. शेवटी खाजणात उगवणारी खारट-कडू वनस्पती, कडूपणा जाईपर्यंत पुन्हा पुन्हा उकळून खाल्लेली. एप्रिलच्या सुरुवातीला मियाउलिसने नाकेबंदी फोडायचा शेवटचा प्रयत्न केला, तो फसला.

जुन्या कालगणनेप्रमाणे १० एप्रिल, आपल्या आजच्या कॅलेंडरने २२ एप्रिल १८२६. त्या रात्री लढणारे पुढे, बायका-मुलं मध्ये, अशी तटाबाहेर पडायची योजना होती. चालू शकणार नाहीत असे जखमी आणि म्हातारे मागे राहणार होते. डोंगराकडून काराइस्काकिस या ग्रीक सेनानीच्या माणसांनी शत्रूच्या पाठीवर हल्ला करून त्याचं लक्ष वळवायचं होतं. ती मदत ठरल्याप्रमाणे आली नाही. बेत आधीच फुटला होता. खंदकावर फळ्या टाकून माणसं बाहेर पडली, पलीकडे जमिनीला चिकटून थांबली, आणि मग धाव घेतली. तेवढ्यात कोणीतरी ‘मागे, मागे’ अशी हाक दिली. कोणी आणि का, हे कधीच उलगडलं नाही. अर्धा जमाव गावात परत फिरला आणि शत्रूही त्यांच्याबरोबर आत शिरला. ख्रिस्तोस काप्सालिस या म्हाताऱ्या पुढाऱ्याने आश्रयाला आलेल्या लोकांसह दारूचं कोठार उडवून दिलं. हजारो मेले, हजारो गुलाम म्हणून विकले गेले. निसटून डोंगरात पोहोचले ते हजार-दीड हजार, त्यात बायका हातावर मोजण्याइतक्या.

तिजोरी

आता पैशाकडे येऊ. चित्रपटात हे सहसा येत नाही.

१८२४ मध्ये ग्रीक क्रांतिकारी सरकारने लंडनच्या बाजारात ८ लाख पौंडांचं कर्ज उभारलं. दर्शनी शंभर पौंडांमागे ५९ पौंड या भावाने. पुढच्या वर्षी २० लाख पौंडांचं दुसरं कर्ज, भाव साडेपंचावन्न. त्यातून आगाऊ व्याज आणि दलाली कापली गेली. बाकीच्यातलं बरंचसं नव्या जहाजांच्या मागण्यांत लंडनमध्ये आणि अमेरिकेतच अडकलं. ग्रीसपर्यंत जे आलं ते कुठे गेलं? १८२३ ते १८२५ या काळात ग्रीक आपापसांत दोनदा लढले. मोरियातले, म्हणजे दक्षिण ग्रीसच्या द्वीपकल्पातले, जमीनदार आणि सरदार एका बाजूला, बेटांवरचे जहाजमालक आणि त्यांचं सरकार दुसऱ्या बाजूला. पहिल्या कर्जाचे पौंड या भाऊबंदकीत जिंकण्यासाठी वाटले गेले. थिओदोरोस कोलोकोत्रोनिस, म्हणजे त्या युद्धातला सर्वांत मोठा सेनानी, १८२५ च्या सुरुवातीला हिद्रा बेटावर स्वतःच्याच सरकारच्या कैदेत होता. त्याच वेळी इब्राहिम मोरियात उतरत होता.

आरमाराची गोष्ट याच्याशी थेट जोडलेली आहे. हिद्रा आणि स्पेत्सेसचे खलाशी पगारी होते. जहाजं खासगी मालकांची. महिन्याचा पगार आगाऊ मिळाला तर जहाज निघायचं, संपला की परत फिरायचं. त्यांना देशद्रोही म्हणणं सोपं आहे, पण घरी चूल त्यांचीही होती. मेसोलोंगीतले लोक पत्रांवर पत्रं पाठवत होते आणि नाफ्प्लिओत बसलेलं सरकार जहाजांसाठी पैसे गोळा करत फिरत होतं. मियाउलिस शेवटच्या खेपेला आला तेव्हा त्याच्याकडे जहाजं पुरेशी नव्हती आणि समोर मात्र दोन देशांचं आरमार उभं होतं.

म्हणजे हा वेढा ज्यांनी लढला त्यांचीही अडचण निर्मात्याचीच होती: माणसं आहेत, मन आहे, दिवसाचे पैसे नाहीत. हे पडद्यावर आणायला काय लागतं? एक खोली, एक टेबल, हिशेबाची वही, दारात उभा जहाजमालक आणि मेसोलोंगीहून आलेलं पत्र. पाच मिनिटांचा प्रसंग. तो नसला तर प्रेक्षकाला वाटतं की धान्य नुसतं नशिबाने आलं नाही. मग सगळा दोष बेत फोडणाऱ्या त्या एका फितुराच्या गळ्यात पडतो. फितूर हा गरीब चित्रपटाचा लाडका खलनायक असतो, कारण तो एकट्याने भागवता येतो.

समारिनाची वाट

समारिना स्मोलिकास डोंगराच्या अंगावर, जवळपास साडेचौदाशे मीटर उंचीवर आहे. ग्रीसमधल्या सर्वांत उंचावरच्या गावांपैकी एक. लोक व्लाख, म्हणजे लॅटिनमधून निघालेली स्वतःची बोली असणारे मेंढपाळ. उन्हाळ्यात डोंगरावर, हिवाळ्यात कळपांसह थेसलीच्या मैदानात. आपल्या धनगरांचं वर्ष ज्याने जवळून पाहिलं आहे त्याला या लोकांची चाल वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. परंपरा सांगते की मिखोस फ्लोरोसच्या हाताखाली इथले १२० जण मेसोलोंगीत लढले आणि त्यांतले ३३ परतले.

त्यांचं एक लोकगीत अख्ख्या ग्रीसला पाठ आहे. मरायला टेकलेला जवान सोबत्यांना सांगतो: गावात जाल तेव्हा बंदुका उडवू नका, गाणी म्हणू नका. आईने विचारलं तर मेलो म्हणू नका, लग्न झालं म्हणा. सपाट शिळा ही सासू, काळी माती ही बायको आणि बारीक खडे हे सगळे मेहुणे. त्या गाण्यात या पोरांना ‘मळकट’ म्हटलेलं आहे. ते अगदी खरं असणार, आणि वेषभूषेच्या दृष्टीने फार सोयीचंही आहे.

सोयीचं कसं, ते सांगतो. ग्रीक स्वातंत्र्ययुद्ध म्हटलं की डोळ्यासमोर पांढराशुभ्र, शेकडो चुण्यांचा, घागऱ्यासारखा फुस्तानेला येतो. ते अथेन्समधल्या पहारेकऱ्यांचं समारंभाचं रूप आहे. असा एक पोशाख शिवायला किती कापड जातं ते कोणत्याही ड्रेसवाल्याला विचारा. एक घातलात तर सगळ्यांना घालावे लागतात, आणि मग पहिल्याच पावसाच्या दृश्यानंतर शंभर फुस्तानेलांची धुलाई-इस्त्री. आठवडे-आठवडे डोंगर तुडवत आलेल्या मेंढपाळाच्या अंगावर मळकट जाडेभरडे कपडे आणि वर बकरीच्या केसांची जड घोंगडी असणार. ती घोंगडी म्हणजे गरीब निर्मात्याला लागलेली लॉटरी. आत जीन्स असली तरी दिसत नाही. आमच्याकडेही ऐतिहासिक सेटवर मागच्या रांगेतल्या ज्युनिअर आर्टिस्टना कांबळी पांघरूनच उभं करतात.

वाटेची गोष्ट निवडण्याचा दुसरा फायदा जागेचा. समारिना ते मेसोलोंगी सरळ रेषेत मोजलं तरी दोनशे किलोमीटरच्या घरात आहे. मध्ये पिंडसचे कडे, ओढे, बीचची आणि पाइनची जंगलं. डोंगराला भाडं लागत नाही, तो बांधावा लागत नाही, आणि विजेचे खांब टाळून कॅमेरा लावला की १८२६ मध्ये आणि आज तो सारखाच दिसतो. डोंगरवाटेवर वीस माणसंही पुरतात. रांग वळणामागे गेली की पुढे अजून शंभर आहेत असं प्रेक्षक स्वतःच धरून चालतो. चकमकी घ्यायच्या तर त्याही खिंडीत, झाडीत, आठ-दहा जणांच्या. पावनखिंडीवर पोसलेल्या मराठी प्रेक्षकाला अरुंद जागेचं हे गणित सांगायची गरजच नाही.

तोटा मात्र मोठा आहे. बाहेरून येणाऱ्या लढवय्यांची गोष्ट सांगितली की मेसोलोंगी हे पोहोचण्याचं ठिकाण होऊन बसतं. आत वर्षभर कुढत बसलेल्या बायका, पोरं, मीठ काढणारे, कोळी, हे सगळे शेवटच्या रिळात भेटतात आणि भेटतात तेच मरण्यासाठी. वेढ्याचा जीव तर तिथे आहे. योहान याकोब मायर नावाचा एक स्विस माणूस आत राहून ‘एलिनिका ख्रोनिका’ नावाचं वर्तमानपत्र काढत होता. जानेवारी १८२४ पासून थेट फेब्रुवारी १८२६ पर्यंत, तोफा चालू असताना. नंतर तोही त्या रात्री मारला गेला. गोळे पडत असताना खिळे जुळवणारा कंपोझिटर: एक छपाईयंत्र, दोन माणसं, छतातून पडणारी माती. हा प्रसंग डोंगरवाटेच्या गोष्टीत बसवायला जागाच नाही.

आतून उभा करायचा तर

समजा आतलीच गोष्ट घेतली. पैसे तेवढेच. तर काय करता येईल?

तट स्वस्त आहे. इतिहासानेच तो स्वस्त बांधला. मातीचा बांध, लाकडी खुंट, खंदक. साठ-सत्तर फुटांचा तुकडा एका जेसीबीने दोन-तीन दिवसांत उभा राहतो, आणि बुटका दिसला तरी कोणी चूक काढू शकत नाही, कारण तो बुटकाच होता. इब्राहिमच्या तोंडचा ‘कुंपण’ हा टोमणा घेतला की प्रेक्षकाची शंकाही मिटते. खाजण त्याहून स्वस्त. गुडघाभर पाण्यात माणूस चालतो, बोट उलटायची भीती नाही, सेफ्टी डायव्हर कमी लागतात. आरमार क्षितिजावर ठेवायचं, चार शिडं, बाकी धूसर. काळ्या दारूचा धूर तर उदार असतो. गारगोटीच्या ठिणगीवर उडणाऱ्या जुन्या बंदुकीचा एक बार झाला की पुढचं काही क्षण दिसत नाही. आज संगणकावर गर्दी वाढवण्यापेक्षा धूर वाढवणं परवडतं आणि ते खरंही वाटतं.

तोफा आवाजाने करायच्या. याला जुना पुरावा आहे. दिओनिसिओस सोलोमोस हा कवी तेव्हा समोरच्या झाकिन्थोस बेटावर होता, मेसोलोंगीच्या तोफा त्याला तिथून ऐकू यायच्या. त्या वेढ्यावर तो पुढे अनेक वर्षं एक काव्य लिहित राहिला, ते शेवटपर्यंत अपुरंच राहिलं. त्यात लढाईचं चित्रण फारसं नाही. माळावर थडग्यासारखी शांतता आहे, एक पाखरू बोलतं, दाणा टिपतं, आणि आई त्या पाखराचा हेवा करते. बाहेर एप्रिल फुललेला आहे आणि तोच त्यांचा मोठा छळ आहे, कारण जगावंसं वाटतं. हे दृश्य चित्रित करायला एक पाखरू, एक बाई आणि सकाळचं ऊन लागतं. जन गण मन आपल्याला जसं, तसं या सोलोमोसचं काव्य ग्रीकांना. त्यांचं राष्ट्रगीत त्याचंच आहे.

भूक अवघड. तब्येतीने बरे असलेले शंभर ज्युनिअर आर्टिस्ट उपाशी दिसत नाहीत, मेकअपने गाल कितीही बसवा. म्हणून चेहऱ्यांपेक्षा हातांकडे जावं. ती खारी वनस्पती पहिल्यांदा उकळून पाणी ओतून टाकणं, पुन्हा उकळणं, चाखून तोंड वाकडं करणं, पुन्हा चुलीवर चढवणं. एकाच बाईचे हात, एकच भांडं. आणि पाणी ओतताना कोणीतरी पोर वाटी पुढे करतं. वेढ्याचे शेवटचे आठवडे याहून जास्त सांगायला नकोत.

सर्वांत महत्त्वाचा प्रसंग तर चार भिंतींतला आहे. बाहेर पडायचं ठरलं त्या बैठकीत बायका-मुलांचं काय करायचं हा प्रश्न आला. शत्रूच्या हाती पडण्यापेक्षा आपणच त्यांना मारावं, असा विचार तिथे खरोखर मांडला गेला. रोगी नावाच्या ठिकाणचा बिशप इओसिफ याने तो हाणून पाडला. मग ठरलं: बायकांनी पुरुषांचे कपडे चढवायचे, हत्यार घ्यायचं, आणि लहान मुलांना अफूचा अर्क पाजून झोपवायचं म्हणजे तटाबाहेर ती रडणार नाहीत. आता कॅमेरा घरात न्या. आईच्या हातात चमचा आहे. कमी पाजलं तर पोर मध्येच जागं होईल आणि सगळ्यांना घेऊन बुडेल. जास्त पाजलं तर उठणारच नाही. ते सांगायला तिच्याजवळ कोणी वैद्य नाही. या प्रसंगाला एक कंदील, एक खोली आणि एक उत्तम नटी लागते. एवढं असूनही दिग्दर्शकाने उरलेले पैसे स्फोटावर खर्च केले तर दोष बजेटचा नाही.

रात्रीचं छायाचित्रण महाग, हे खरं. पण ती रात्र पौर्णिमेच्या आसपासची होती. त्यामुळे निळसर उजेडात जमीन दिसली तरी इतिहासाला धक्का नाही. खंदकापलीकडे पालथे पडून वाट बघणारे लोक हेच त्या रात्रीचं मुख्य चित्र ठेवावं. पाठ, मान, घट्ट धरलेलं गाठोडं. पालथ्या माणसांना चेहरा लागत नाही, वेगवेगळे पोशाख लागत नाहीत, तीच तीस माणसं जागा बदलून तीनदा घेता येतात. आणि ‘मागे’ ही हाक पडद्याबाहेरून यावी. कोणी दिली ते इतिहासाला माहीत नाही, चित्रपटाने दाखवण्याचा आगाऊपणा करू नये.

समोरचे कोण

युद्धपटात पैसा कमी पडला की पहिला बळी शत्रूचा जातो. त्याला नाव नसतं, संवाद नसतो, तो पागोटं बांधून आरडाओरडा करत पडतो. मेसोलोंगीच्या बाबतीत ही नुसती आळशी गोष्ट नाही, ती खोटीही आहे. तटाच्या आत सुली या डोंगराळ मुलखाचे लढवय्ये होते, त्यांची बोली अल्बेनियन. रेशिदच्या फौजेत मोठा भरणा अल्बेनियनांचा. म्हणजे खंदकाच्या दोन्ही बाजूंना एकमेकांच्या शिव्या आणि विनोद समजणारी माणसं होती. समारिनाचे व्लाख बोलणारे. इब्राहिमच्या पलटणींत नाईलकाठचे शेतकरी, सक्तीने भरती केलेले, त्यांच्यावर फ्रेंच शिक्षक. या बिचाऱ्यांना मेसोलोंगीचं नावही घरी असताना ठाऊक नसणार. सगळ्यांच्या तोंडी एकच साफसुथरी ग्रीक घातली की चित्रपट गरीब होतो, आणि तो पैशाने नाही.

एका बाजूचं रक्तही तेवढंच दाखवायचं का, हा प्रश्न येतोच. १८२१ च्या शरदात त्रिपोलित्सा ग्रीकांच्या हाती पडलं तेव्हा तिथल्या मुस्लिम आणि ज्यू रहिवाशांची सर्रास कत्तल झाली. पुढच्या वर्षी उस्मानी फौजांनी खिओसवर केलेलं हत्याकांड युरोपभर गाजलं. मेसोलोंगीतल्या लोकांना पाडावानंतर काय होतं हे दोन्ही बाजूंनी माहीत होतं. त्या बैठकीतला भयंकर विचार त्या माहितीतून आला. एखाद्या म्हाताऱ्या सैनिकाच्या तोंडी त्रिपोलित्साची आठवण असावी, अर्धं वाक्य पुरे.

हे बोलायची मुभा कमी पैशांच्या चित्रपटाला जास्त असते, असं मला वाटतं. १९७१ मध्ये, क्रांतीच्या दीडशेव्या वर्षी, तिथल्या लष्करी राजवटीत ‘पापाफ्लेसास’ हा भव्य युद्धपट आला. त्या काळच्या सर्वांत खर्चिक ग्रीक चित्रपटांपैकी एक. कर्नलांच्या त्या सात वर्षांत देशभक्तीच्या युद्धपटांची चलती होती. एवढी गर्दी, घोडे, तोफा ज्यात उभ्या राहतात तो चित्रपट सत्तेला अडचणीचं काही बोलेल ही अपेक्षाच धरू नये. ज्याला कोणी काही दिलेलं नाही, त्याने तरी भाऊबंदकी लपवायचं कारण काय?

शेवटची पाटी

चित्रपट कुठे संपवायचा यावर बरेच खल होतात. स्फोटावर संपवणं हा रूढ मार्ग. पण मेसोलोंगी पडल्याने जे घडलं ते लढाईहून मोठं होतं. त्याच वर्षी दलाक्रवा या फ्रेंच चित्रकाराने पॅरिसमध्ये मेसोलोंगीच्या ढिगाऱ्यावर उभी असलेली ग्रीस रंगवली, ग्रीकांसाठी निधी जमवणाऱ्या प्रदर्शनांत लोकांनी गर्दी केली. ज्या सरकारांना या बंडाचं काही पडलेलं नव्हतं त्यांच्यावर घरातून दबाव आला. २० ऑक्टोबर १८२७ ला नावारिनोच्या उपसागरात इंग्रज, फ्रेंच आणि रशियन आरमाराने उस्मानी-इजिप्शियन आरमार बुडवलं. इंग्रज सेनापती कॉड्रिंग्टनचं निशाण ज्या ८४ तोफांच्या जहाजावर होतं ते ‘एशिया’ मुंबईच्या गोदीत सागवानातून बांधलेलं, नौरोजी जमशेटजी वाडियांच्या देखरेखीत, १८२४ मध्ये पाण्यात उतरवलेलं. ग्रीक स्वातंत्र्याच्या निर्णायक दिवशी मुंबईचं लाकूड तिथे होतं. हे चित्रपटात घ्यायचा मोह आपल्यालाच होईल. ग्रीक दिग्दर्शकाने तो टाळावा, कारण नावारिनो हे काम कमी पैशांत होणारच नाही, धुरातसुद्धा नाही.

म्हणून पाटी. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं, तीन-चार ओळी. त्यात मृतांचे आकडे घालू नयेत, ते प्रत्येक ग्रंथात वेगळे आहेत. मेसोलोंगी १८२९ मध्ये ग्रीकांना परत मिळालं, एवढं घालावं. आणि मी त्याच्याखाली आणखी एक ओळ घालीन: १८२४ आणि १८२५ ची लंडनची कर्जं फेडताना नव्या देशाच्या नाकी नऊ आले, हप्ते थकले आणि त्यांचा वाद पुढे कित्येक दशकं चालला.